जलरंगात अपारदर्शक रंग : कुठे, केव्हा आणि किती दाट

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते साताऱ्याचे असून निवृत्तीनंतर गेली तीन वर्षे जलरंगात निसर्गचित्रे करतात. मेणवलीच्या घाटाचे एकच चित्र त्यांनी तीनदा केले आणि तिन्ही वेळा उन्हातल्या पायऱ्या खडू फासल्यासारख्या दिसल्या, सावल्या मळल्या. उन्हासाठी त्यांनी यलो ऑकरमध्ये पांढरा मिसळला होता, सावलीसाठी सेरुलियन ब्ल्यू आणि इंडियन रेड घेतला होता, आणि वाळल्यावर सावली फिकी वाटली म्हणून तिच्यावरून अल्ट्रामरीनचा, म्हणजे गडद निळ्याचा, एक वॉश (पाणीदार रंगाचा सलग हात) दिला होता. जलरंगात पांढरा वापरणे ही लबाडी आहे, असे एका स्नेह्यांनी त्यांना सांगितले. आता सगळेच वापरतात, असे दुसऱ्यांनी. तेव्हा अपारदर्शक रंग जलरंगात चालतात की नाही, आणि चालत नसतील तर पेटीतल्या कोणत्या ट्यूब काढून टाकाव्यात, असे त्यांचे विचारणे आहे.

आपण परवानगीविषयी विचारले आहे. अडचण मात्र क्रमाची आहे, असे आपण दिलेल्या तपशिलावरून मला दिसते. पांढरा, ऑकर, सेरुलियन आणि इंडियन रेड हे चारही रंग कमी-अधिक झाकणारे आहेत, आणि तेच तळाशी घालून त्यांच्यावर पारदर्शक रंगाने दुरुस्ती करायला आपण गेलात. ज्यांनी शेवटी यायचे ते आधी येऊन बसले. हेच रंग, हाच कागद आणि हाच घाट ठेवून नुसता क्रम बदलला असता तर बहुधा हा प्रश्नच पडला नसता. ‘बहुधा’ म्हणतो, कारण आपला कागद सुती आहे की साधी ड्रॉइंग शीट, ट्यूब कलावंत श्रेणीच्या आहेत की विद्यार्थी श्रेणीच्या, आणि चित्र श्रावणातल्या दमट हवेत केले की एप्रिलच्या उन्हात, यावर बरेच अवलंबून असते. मी सांगलीत तीसेक वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आणि सुट्टीच्या दिवशी कृष्णाकाठी पाट (कागद लावायची फळी) मांडून बसलो. पुढे जे सांगतो ते त्या बसण्यातून आलेले आहे.

मुळात पारदर्शक रंग उजळ का दिसतो, हे एकदा नीट समजून घ्यावे. प्रकाश रंगाच्या पातळ थरातून आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटतो आणि त्याच थरातून पुन्हा बाहेर येतो. म्हणजे आपल्या डोळ्याला दिसणारा उजेड कागदाचा असतो आणि रंग त्याला फक्त छटा देतो. अपारदर्शक रंगात प्रकाश कागदापर्यंत पोचतच नाही, तो रंगकणांवरूनच मागे फिरतो; तिथे दिसणारा उजेड रंगाच्या स्वतःच्या पृष्ठभागाचा असतो. हे दोन उजेड वेगळ्या जातीचे आहेत, आणि चित्रातल्या एकाच जागी दोघांनाही अर्धवट बोलावले की तिथे ना कागद चमकत, ना रंग बसत. आपल्या पायऱ्यांचे नेमके हेच झाले आहे.

एक रंगकण प्रकाशाला आत जाऊ देतो आणि दुसरा अडवतो, यामागे शाळेत शिकलेला अपवर्तनांक आहे, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो याचे माप. भजी बांधून आणलेल्या कागदावर तेलाचा डाग पडला की तेवढा भाग आरपार दिसू लागतो. कागद तोच असतो, पण तंतूंमधल्या हवेची जागा तेलाने घेतलेली असते आणि तेलाचा अपवर्तनांक तंतूंच्या जवळचा असतो, त्यामुळे प्रकाश तिथे विखुरत नाही. जलरंगात रंगकणांना धरून ठेवणाऱ्या बाभूळवर्गीय झाडाच्या डिंकाचा अपवर्तनांक सुमारे १.४८ आहे. अल्ट्रामरीनचा सुमारे १.५, म्हणजे जवळजवळ तेवढाच. म्हणून तो डिंकात मिसळून जातो आणि काचेसारखा वागतो. झिंक व्हाइटचा सुमारे २ आणि टिटॅनियम व्हाइटचा सुमारे २.७ आहे. हे अंतर जितके जास्त, तितका प्रकाश कणाच्या कडेवरच विखुरतो आणि तितका रंग झाकणारा होतो. कणांचा आकार, रंगाची प्रकाश शोषण्याची ताकद हेही यात येते, पण चित्र काढणाऱ्याला एवढा हिशेब पुरतो.

या हिशेबात दाटपणा धरला पाहिजे, आणि गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो. यलो ऑकरला कोणी पारदर्शक म्हणतो, कोणी अपारदर्शक, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. ताकाइतका पातळ ऑकर कोऱ्या कागदावर दिला तर त्यातून कागद सहज दिसतो. संध्याकाळच्या आभाळाच्या तळाशी मी तो नेहमी असाच वापरतो. दह्याइतका घेतला की तो खालचे झाकू लागतो, आणि चक्क्याइतका घेतला तर खाली काय आहे याचा पत्ता लागत नाही. सेरुलियनचेही तसेच. भरपूर पाण्यात सोडलेला सेरुलियन कागदाच्या खळग्यांत दाणेदार बसतो आणि जुन्या भिंतीचा पोत विनासायास देतो. तोच दाट घेऊन दुसऱ्या रंगात घोळला तर ते मिश्रण मातकट होते. म्हणून अमुक ट्यूब वाईट, असे मी विद्यार्थ्यांना कधी सांगितले नाही. किती पाण्यात आणि कशाच्या वर, एवढे विचारत आलो.

आपल्या पेटीतल्या ट्यूब ओळखण्यासाठी दोन उपाय करावेत. ट्यूबवर बहुधा एक छोटा चौकोन किंवा वर्तुळ छापलेले असते: रिकामे असेल तर रंग पारदर्शक, अर्धे भरलेले असेल तर मधला, पूर्ण भरलेले असेल तर अपारदर्शक. दुसरा उपाय माझ्या जास्त विश्वासाचा आहे, कारण तो कंपनीच्या शब्दावर अवलंबून राहत नाही. कागदाच्या पट्टीवर न पुसणाऱ्या काळ्या शाईने बोटभर जाडीची रेघ ओढावी, पूर्ण वाळू द्यावी, आणि पेटीतला एकेक रंग दह्याइतका घेऊन त्या रेघेवरून आडवा न्यावा. वाळल्यावर जो काळ्यावर दिसतच नाही तो पारदर्शक, आणि जो काळ्यावर धुळीसारखा बसलेला दिसतो तो अपारदर्शक. कॅडमियम यलो, कॅडमियम रेड, सेरुलियन, इंडियन रेड, लाइट रेड आणि क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा काळ्यावर उमटतील; अल्ट्रामरीन, थॅलो निळा-हिरवा, क्विनाक्रिडोन गुलाबी, हिरवा व्हिरिडियन बहुतेक गायब होतील. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून तो मुद्दाम तपासावा.

या पट्टीत एखादा धक्काही बसेल. नेपल्स यलो, लॅव्हेंडर, फ्लेश टिंट अशा ट्यूबमध्ये पांढरा आधीच घातलेला असतो, आणि स्वस्त पेटीतला ‘सेरुलियन ह्यू’, म्हणजे नुसती तशी छटा असलेला रंग, हे पुष्कळदा थॅलो निळा आणि पांढरा यांचे मिश्रण असते. आपण पांढऱ्याला हात लावला नाही असे समजत असतो आणि तो दुसऱ्याच नावाने चित्रात शिरलेला असतो. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो. तिथे पीडब्ल्यू ४ किंवा पीडब्ल्यू ६ दिसला तर अनुक्रमे झिंक किंवा टिटॅनियम पांढरा आत आहे असे समजावे. आपल्या सेरुलियनचा क्रमांक एकदा पाहावा, अशी माझी विनंती आहे. पीबी ३५ असेल तर तो खरा सेरुलियन.

आता आपल्या चित्राचे काय झाले ते पाहू. पांढरा घातलेला ऑकर ओला असताना झकास दिसतो, कारण कणांमधल्या फटींत पाणी असते आणि वरून एक ओली झिलई असते. पाणी उडून गेले की फटींत हवा शिरते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि सगळीकडून प्रकाश विखुरतो. त्यामुळे दाट, गडद रंग वाळल्यावर फिके पडतात आणि पांढरा घातलेले उजळ रंग थोडे खाली उतरतात. दोन्हीकडून अंतर कमी होते आणि चित्र सपाट होते. शिवाय पांढऱ्याने रंग उजळ होतो तसा थंडही होतो. उन्हात तापलेल्या दगडाला लागणारी ऊब त्या ऑकरमधून पांढऱ्याने काढून घेतली, म्हणून पायरी उन्हाऐवजी चुन्याची वाटली.

सावलीचे कारण निराळे आहे. सेरुलियन आणि इंडियन रेड दोन्ही झाकणारे असल्याने त्यांच्या मिश्रणातून कागद दिसेना. एवढ्यावर थांबला असतात तर ती सावली जड, पण निदान स्वच्छ राहिली असती. डिंक वाळला तरी पाण्यात पुन्हा विरघळतो, आणि दाट थरातले कण कागदाच्या तंतूंत न मुरता वर बसून राहिलेले असतात. वरून ओला ब्रश फिरला की ते उठतात आणि नव्या वॉशमध्ये तरंगू लागतात. आपण अल्ट्रामरीन दिला असे आपल्याला वाटले, प्रत्यक्षात कागदावर अल्ट्रामरीन, सेरुलियन, इंडियन रेड आणि शेजारच्या पायरीवरून निसटलेला पांढरा, असा चौघांचा काला झाला. चिखल म्हणतात तो हाच.

उजळ करायचे म्हटले की हात पांढऱ्याकडे जातो, याचे मूळ मला आपल्या शाळांत दिसते, आणि यात मी स्वतःला वगळत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत मुले संकल्पचित्र पोस्टर कलरमध्ये करतात, तिथे सपाट, एकसारखा रंग हवा असतो आणि छटा पांढरा मिसळूनच करायच्या असतात. ते त्या कामाला योग्यच आहे. पण तीच मुले तोच हात घेऊन निसर्गचित्राला बसतात, आणि पुढे चाळीस वर्षांनी पुन्हा ब्रश हातात घेतला तरी बोटे ते विसरलेली नसतात. पारदर्शक जलरंगात उजळ करण्याचा पहिला मार्ग पाणी, आणि दुसरा मार्ग ती जागा सोडून देणे. ही सवय लावून घ्यायला मला स्वतःला दोन-तीन वर्षे लागली.

मेणवलीचा घाट मी अनेकदा केला आहे, म्हणून माझा क्रम सांगतो. पेन्सिलने पायऱ्यांच्या वरच्या कडा आणि घंटेच्या छोट्या देवळाचा आकार एवढेच आखतो. मग ताकाहूनही पातळ ऑकरमध्ये नावाला बर्न्ट सिएना घालून सगळ्या घाटावर एकच वॉश देतो. उन्हातल्या पायऱ्यांचा वरचा भाग यापेक्षा गडद कधी होऊ देत नाही. नदीच्या पाण्यावर जिथे ऊन झगमगते तिथे कोरा कागद ठेवतो. हे पूर्ण वाळले, म्हणजे हाताच्या पालथ्या बाजूला कागद गार लागेनासा झाला, की सावली. काळ्या बेसॉल्टच्या सावलीसाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ताटलीत पुरते एकजीव न करता, ब्रशच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असे उचलतो, आणि वरून खाली एकदाच ओढत आणतो. कुठे निळा पुढे येतो, कुठे तांबडा. दगडातली धग आणि गारवा दोन्ही त्यात आपोआप येतात. सावली वाळल्यावर फिकी होणार हे धरून आधीच दीडपट गडद घेतो. फिकी पडली म्हणून वरून दुसरा हात देणे मी टाळतो; द्यावाच लागला तर मऊ ब्रशने, भरपूर रंगाने, एकदाच.

इथपर्यंत अपारदर्शक रंगाला मी हात लावलेला नसतो. आता पाट उचलून मी चार पावले मागे ठेवतो आणि चित्राला काय कमी आहे ते पाहतो. पायरीवर कोणी ठेवलेली झेंडूची चार फुले, सावलीतून पुढे आलेला एखादा केशरी पदर, चिखलात उभा असलेला बगळा, होडीचा दोर. एवढ्यासाठी कॅडमियम आणि पांढरा चक्क्याइतका दाट काढतो आणि प्रत्येक जागी एकच ठिपका किंवा एकच रेघ ठेवून ब्रश उचलतो. ब्रश मागे-पुढे घासला की खालचा रंग उठतो, म्हणून इथे रंग ठेवायचा असतो, पसरवायचा नसतो. सगळे मिळून हे काम चित्राच्या क्षेत्राच्या शंभरातल्या दोन-तीन भागांहून जास्त होत नाही, आणि सभोवती सगळे पारदर्शक असल्यामुळे ते ठिपके अक्षरशः पुढे येऊन बसतात. सगळीकडेच दाट रंग असता तर झेंडू कुणाच्या नजरेत भरला असता?

मात्र अपारदर्शक रंग केवळ शेवटच्या ठिपक्यांपुरते असतात, असेही नाही. काही वस्तूच अशा असतात की त्यांना हा रंग लागतो. सांगलीच्या मार्केट यार्डात नवी हळद यायला लागली की मी दरवर्षी एकदा तरी जातो. हळदीच्या राशीवर भुकटी बसलेली असते आणि ती भुकटी प्रकाशाला आत शिरू देत नाही. ऊन जसे पडेल तसे वरच्या वर परत येते. ही रास मी पहिल्यांदा नुसत्या पारदर्शक पिवळ्याने केली तेव्हा ती काचेच्या लोलकासारखी, किंवा फार तर काकवीसारखी दिसली, हळद वाटेना. आता मी असे करतो. सगळ्या राशीवर आधी पारदर्शक इंडियन यलोचा वॉश, तो ओला असतानाच सावलीच्या बाजूला बर्न्ट सिएना सोडून देतो आणि त्याला आपापले पसरू देतो. तळाशी, जिथे राशीची सावली फरशीवर पडते आणि फरशीवरून थोडा उजेड राशीवर परत येतो, तिथे ओल्यातच क्विनाक्रिडोन गुलाबीचा एक स्पर्श. सावलीत जांभळा घालण्याचा मोह होतो, पण दाट पिवळ्यात जांभळा मेला की तपकिरी राख होते. हे सगळे वाळल्यावर दाट कॅडमियम यलो घेऊन फक्त उन्हाच्या बाजूला, राशीच्या उताराच्या दिशेने, कोरड्या ब्रशने खरडल्यासारखा ओढतो. कागदाच्या उंचवट्यांवर रंग बसतो, खळग्यांत खालचा इंडियन यलो राहतो, आणि सुटी हळकुंडे दिसू लागतात. कडेची पोती मी पुन्हा पातळ ऑकरमध्येच ठेवतो, नाहीतर ती हळदीशी भांडायला उठतात. सावली पारदर्शक आणि उन्हाची बाजू अपारदर्शक, ही विभागणी कोरड्या, धुळकट, तापलेल्या वस्तूंना फार लागू पडते; नदीचे पाणी, पानातून झिरपणारे ऊन, भिजलेला रस्ता यांना ती अजिबात मानवत नाही.

(कॅडमियमची गोष्ट निघाली म्हणून सांगतो: ब्रशचे टोक ओठांत धरून टोकदार करण्याची सवय असेल तर सोडून द्यावी. ते द्रव्य पोटात जाण्यासारखे नाही.)

पातळ पांढऱ्याचाही एक चांगला उपयोग आहे. थंडीत मिरजेच्या किंवा इस्लामपूरच्या बाजूला पहाटे गेलात तर गुऱ्हाळाचा धूर गर्द झाडीसमोर निळसर दिसतो, आणि तोच धूर वर चढून उजळ आभाळासमोर आला की तांबूस-मातकट होतो. बारीक कण गडद पार्श्वभूमीसमोर निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून असे होते, आणि पातळ पांढरा रंग कागदावर हेच करतो. वाळलेल्या गडद झाडीवरून ताकाइतका झिंक व्हाइट एका हलक्या हाताने नेला, तर निळा न मिसळताही धूर निळसर होतो. वरच्या भागात मात्र पांढरा काढू नये, तिथे ऑकर आणि किंचित लाइट रेडचा ओला वॉश द्यावा. पांढऱ्याचे हे थंड होणे पायरीवर आपल्याला नडले, तेच इथे कामाला येते. पायरीवर जर कधी पांढरा लावावाच लागला, तर त्यात थोडा पिवळा किंवा केशरी मिसळून त्याची थंडी मोडावी.

झाकण्यासाठी पांढरा वापरू नये, हे मी फजिती होऊन शिकलो. फार वर्षांपूर्वी सांगलीच्या आयर्विन पुलाचे संध्याकाळचे एक चित्र एका स्पर्धेसाठी केले होते. १९२९ सालच्या त्या पुलाच्या कमानी बऱ्या जमल्या, पण आभाळात एक कडक कड राहून गेली. मी निळ्यात पांढरा मिसळून ती झाकली. समोरून पाहताना काही कळत नव्हते आणि मी समाधानाने चित्र फ्रेम करून पाठवले. परीक्षकांपैकी एकांनी ते उचलून खिडकीकडे तिरपे धरले मात्र, आभाळावर ताटलीएवढे एक कोरडे, निस्तेज ठिगळ स्पष्ट दिसले, कारण सभोवारचा कागद जिवंत होता आणि ते ठिगळ खडूसारखे मेलेले होते. ते काही बोलले नाहीत, चित्र खाली ठेवले. चूक झाली तर स्वच्छ पाण्याने भिजवून, टिपकागदाने रंग उचलावा; नाहीच उठला तर कड तशीच राहू द्यावी.

लबाडीच्या आरोपाविषयी दोन शब्द. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०२ साली केलेला सशाचा प्रसिद्ध अभ्यास पारदर्शक आणि अपारदर्शक असा दोन्ही जलरंगांत आहे. आपल्याकडची मुघल आणि पहाडी लघुचित्रे तर बहुतांशी अपारदर्शक जलरंगातच आहेत. कागदावर रंगाचे थर देऊन, मागून घोटून त्यांना ती झळाळी आणलेली असते. जलरंगात जुना शिशाचा पांढरा हवेतल्या गंधकाने काळा पडत असे. १८३४ मध्ये विन्सर आणि न्यूटन यांनी झिंक ऑक्साइडचा ‘चायनीज व्हाइट’ बाजारात आणला तेव्हा ती अडचण दूर झाली. तेव्हा या रंगांना परंपरा नाही, असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूने, चित्रकार सा. ल. हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ज्यांनी पाहिले असेल, त्यांना कागदाचा उजेड राखून काय साधता येते ते सांगावे लागणार नाही. आपल्या स्नेह्यांच्या मनात बहुधा ही दुसरी परंपरा असावी, आणि तिचा मान राखलाच पाहिजे. प्रदर्शनाला किंवा स्पर्धेला चित्र पाठवायचे असेल तर मात्र नियमपत्रिका वाचावी. काही ठिकाणी फक्त पारदर्शक जलरंग घेतात, काही ठिकाणी मिश्र माध्यम असे लिहून द्यावे लागते. तिथे न सांगता पांढरा वापरला तर ती लबाडी होईल. आपल्या घरच्या भिंतीवर नाही.

साहित्याबाबत थोडके. पांढऱ्यासाठी पाण्याचा वेगळा डबा आणि वेगळा ब्रश ठेवावा, कारण त्याच पाण्यात पुढचा वॉश केला की तो दुधाळ होतो आणि का झाला ते कळत नाही. ठिपक्यांसाठी टिटॅनियम, धुक्याधुरासाठी झिंक, एवढी वाटणी पुरते. जलरंगाच्या ट्यूबमधल्या पांढऱ्यापेक्षा गुआशच्या (मुद्दाम अपारदर्शक केलेल्या जलरंगाच्या) ट्यूबमधला जास्त झाकतो. पोस्टर कलरचा पांढरा सरावाला ठीक आहे, पण जाड थर दिला तर तो भेगाळतो आणि बोटाला लागतो, असा माझा अनुभव आहे. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) सुती असेल तर वरचा थर देताना खालचा कमी उठतो. ड्रॉइंग शीटवर काम करत असाल तर दुसऱ्या वॉशची अपेक्षाच धरू नये. तपकिरी किंवा राखी कागदावर काम करायचे असेल, तर वर सांगितलेले पुष्कळसे उलटे होते, कारण तिथे उजेड कागदात नसतो आणि पांढरा लागतोच. पण तो स्वतंत्र विषय आहे.

ट्यूब एकही टाकू नका. पेटीत दोन ओळी करा : एका ओळीत शाईच्या रेघेवर गायब झालेले रंग, दुसरीत उमटलेले. पुढची पाच-सहा चित्रे पहिल्या ओळीने आणि पातळ ऑकरने पुरी करा, आणि दुसऱ्या ओळीची झाकणे चित्र पूर्ण वाळल्यावरच उघडा.

आणि ते तिसरे चित्र फाडले नसेल तर त्यावर एक प्रयोग करण्यासारखा आहे. कागद सुती असल्यास पाटाला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बसवा, सावलीचा एकच भाग स्वच्छ पाण्याने भिजवून मिनिटभर थांबा, मग मऊ, रुंद ब्रशने न घासता रंग सैल करा आणि टिपकागद वरून दाबून उचला. दोन-तीन वेळा असे केल्यावर सेरुलियन आणि पांढरा बराचसा निघून येईल. इंडियन रेडचा थोडा तांबूस डाग राहील, तो राहू द्या, सावलीखाली तो उपयोगी पडतो. रात्रभर वाळू द्या. सकाळी त्यावर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाची सावली एका हातात टाका, आणि तिच्या शेजारी आपली जुनी, न धुतलेली सावली तशीच ठेवून दोन्ही खिडकीच्या उजेडात तिरप्या धरून पाहा.